शेताखालचा खडक आणि त्याचा नकाशा

शेतकऱ्याच्या जमिनीची लांबी-रुंदी सरकारी दप्तरांत एकर-गुंठ्यांपर्यंत नोंदलेली असते. बांध कोठून कोठवर, पोटखराबा किती, आकार किती, हें सर्व सात-बाराच्या उताऱ्यावर व नकाशावर सांपडतें. परंतु त्याच जमिनीची खोली, म्हणजे मातीखालीं मुरूम किती, मुरुमाखालीं कोणत्या जातीचा खडक, तो भेगाळलेला कीं अखंड, ही गोष्ट कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेली नसते. शेतकऱ्याचें सर्वांत खर्चाचें व सर्वांत अनिश्चित काम जें विहीर खणणें, तें मात्र याच न लिहिलेल्या गोष्टीवर अवलंबून असतें. बांधाच्या अलीकडे एका विहिरीस बारमाही पाणी आणि पलीकडे पन्नास हातांवर दुसरी विहीर कोरडी, असा प्रकार ज्या गांवीं नाहीं असें गांव दख्खनच्या पठारावर विरळा. कोणी यास दैव म्हणतात, कोणी पाणाड्यास बोल लावितात. याचें खरें कारण खडकाच्या रचनेंत आहे, आणि ती रचना वाचण्याचें शास्त्र भूवैज्ञानिकांनीं दोनशें वर्षांच्या श्रमानें सिद्ध केलें आहे. त्याची तोंडओळख करून देणें व त्याचा आपल्या कामीं उपयोग कसा होईल तें सांगणें, हा या लेखाचा हेतु आहे.

खनिज आणि खडक

बोलण्यांत आपण दगड, खडक, पाषाण, खनिज हे शब्द एकमेकांऐवजीं वापरतों. शास्त्रांत मात्र त्यांत भेद आहे. निसर्गांत आपोआप तयार झालेला, ठराविक रासायनिक घटकांचा आणि ज्याच्या अणूंची आंतील मांडणीही ठराविक आहे, असा घन पदार्थ म्हणजे खनिज. अशीं एक किंवा अनेक खनिजें एकत्र जमून जी राशि बनते ती खडक. तांदूळ व डाळ हीं खनिजें मानलीं तर खिचडी हा खडक होय. गार हें खनिज. आपला काळा पाषाण हा खडक. काळ्या पाषाणांत फेल्स्पार व ऑगाइट हीं खनिजें मुख्य असून त्यांत लोहाच्या खनिजाचे बारीक कण मिसळलेले असतात. हीं खनिजें झिजूनच आपली काळी जमीन झाली. तिच्यांतील चुना, मॅग्नेशियम व लोह हें याच खडकाचें देणें आहे.

खनिज ओळखतांना रंगावर फार विसंबूं नये. एकच गार पांढरी, जांभळी, धुरकट अशा अनेक रंगांची असूं शकते. रंगापेक्षां कठिणपणा, चकाकी, फुटण्याची तऱ्हा व वजन यांवर भर द्यावा. फ्रीड्रिख मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं कठिणपणाची १ ते १० अशी चढती मालिका ठरविली. तींत शंखजिरें सर्वांत मऊ व हिरा सर्वांत कठीण. आपलें नख सुमारें अडीचच्या, पोलादी चाकू साडेपांचच्या व गार ७ च्या पायरीवर येते. म्हणून विहिरींतून निघालेला पांढरा खडा चाकूनें ओरखडला गेला, तर तो गार नव्हे हें निश्चित. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतांच फेस आला, तर तें चुन्याचें खनिज, कॅल्साइट, समजावें. फेस न आल्यास तें बहुधा झिओलाइट जातीचें असतें. हाच थेंब मातीवर टाकला असतां तिच्यांत चुनखडी आहे कीं नाहीं तें कळतें. ज्या जमिनींत चुनखडी फार, तेथें संत्र्या-मोसंबीस लोहाची उणीव भासून पानें पिवळीं पडतात. तेव्हां बाग लावण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करावी. मात्र आम्ल हाताळतांना डोळ्यांस व हातांस जपावें.

उत्पत्तीवरून खडकांचे तीन वर्ग केले आहेत. वितळलेला रस थंड होऊन बनलेले ते अग्निजन्य. गाळ, वाळू किंवा चुना पाण्याच्या तळाशीं थरांनीं साचून घट्ट झाले ते स्तरित. या दोहोंपैकीं कोणत्याही खडकानें पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें व दाबानें आपलें मूळ रूप पालटलें, म्हणजे तो रूपांतरित. महाराष्ट्रांत हे तिन्ही वर्ग आहेत. दख्खनचा काळा पाषाण अग्निजन्य होय. चंद्रपूर-वणीकडील दगडी कोळसा ज्या वालुकाश्मांत सांपडतो ते खडक स्तरित. आणि नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीजच्या खाणी ज्यांत आहेत ते रूपांतरित. कोंकण-गोव्यांतील जांभा हा या खडकांच्या झिजेंतून झालेला आहे. अतिवृष्टीनें मूळ खडकांतील सिलिका व चुना धुपून गेला आणि लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें राहिलीं.

दख्खनचे लोट

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारें चार-पंचमांश भाग एकाच जातीच्या अग्निजन्य खडकानें, म्हणजे बेसाल्टानें, व्यापलेला आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त रस वारंवार वर आला व मैलोगणती पसरला. एक लोट थंड होऊन घट्ट झाला कीं कालांतरानें त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशा रीतीनें हे थर चढत गेले. आज या खडकाचें क्षेत्र सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर असून तें गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक व तेलंगणा यांतही पसरलेलें आहे. सह्याद्रीच्या कडेवर दुरून ज्या पायऱ्या दिसतात त्या याच लोटांच्या. कठीण लोटाचा कडा होतो आणि मऊ लोटाचा उतार किंवा माची होते. जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकास ट्रॅप असें नांव पडलें.

या थरांची एकूण जाडी सर्वत्र सारखी नाहीं. कोयनेच्या परिसरांत २०११ सालानंतर संशोधनासाठीं जीं खोल छिद्रें पाडलीं, त्यांपैकीं एकांत सुमारें ९३० मीटर बेसाल्टाखालीं ग्रॅनाईट जातीचा प्राचीन खडक लागला. किल्लारी येथें १९९३ च्या भूकंपानंतर पाडलेल्या छिद्रांत बेसाल्टाची जाडी ३३८ मीटरच भरली. पश्चिमेकडे जाड आणि पूर्वेकडे पातळ होत जाणारी ही ताटांची उतरंड आहे. मात्र शेतकऱ्याचा संबंध तिच्या वरच्या शेंदीडशें फुटांशींच येतो.

विहिरीच्या भिंतीवरील चार थर

एकच लोट वरपासून खालपर्यंत एकसारखा नसतो. रस थंड होत असतां त्यांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर चढतो. म्हणून लोटाचा माथा सच्छिद्र होतो आणि मधला भाग घट्ट व अखंड राहतो. पुढील लोट येईपर्यंत जो काळ जातो, त्यांत माथ्यावर माती किंवा राख बसते. ती नव्या लोटाखालीं दबून भाजली जाते व तांबडी होते. विहिरीच्या भिंतीवर दिसणारे थर ते हेच.

पहिला मुरूम. हा झिजलेला खडक असून त्यांत पाणी मुरतें व साठतेंही. आपल्या बहुतेक जुन्या विहिरी यावरच चालत आल्या. दुसरा सच्छिद्र खडक. यास विहीर खणणारे कित्येक ठिकाणीं मांजऱ्या म्हणतात. याचीं भोंकें पुष्कळदां गार, कॅल्साइट किंवा झिओलाइट यांनीं भरलेलीं असतात. भोंकें दिसलीं म्हणजे पाणी लागलें असें समजूं नये, कारण तीं एकमेकांस जोडलेलीं असतीलच असें नाहीं. परंतु हा खडक लवकर झिजतो, त्यास आडव्या भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पाणी येतें. तिसरा काळा पाषाण. यांत भेगांवांचून पाण्यास जागाच नसते, आणि खोल जावें तसतशा भेगा सहसा मिटत जातात. चौथा तांबडा गेरूचा थर. हा चिकण असल्यामुळें पाणी सहजासहजीं खालीं जाऊं देत नाहीं. डोंगराच्या कडेस जेथें हा थर उघडा पडतो तेथें पुष्कळदां झरे दिसतात. हा भिजला म्हणजे फुगतो व ढासळतो. म्हणून तो लागलेल्या विहिरीस तेवढा भाग बांधून काढावा लागतो, व कूपनलिकेंत तेथपर्यंत नळी घालावी लागते.

या आडव्या थरांना छेदून जाणारी पांचवी वस्तु म्हणजे उभी भिंत. खालून वर येणारा रस भेगेंतच थिजला म्हणजे अशी भिंत तयार होते. भूवैज्ञानिक तीस डाईक म्हणतात. धुळें-नंदुरबार भागांत अशा भिंती पुष्कळ असून त्या माळावर लांबच लांब कण्यासारख्या दिसतात. अशी घट्ट भिंत जमिनीखालून वाहणारें पाणी अडविते; तेव्हां तिच्या वरच्या अंगास विहिरीस पाणी व खालच्या अंगास कोरड, असें घडतें. भिंत स्वतःच भेगाळलेली असेल, तर उलट तिच्याच अंगानें पाणी वाहतें. एका बांधाच्या दोन बाजूंस दोन नशिबें कां, याचें उत्तर कित्येक ठिकाणीं या भिंतीनेंच मिळतें.

भूवैज्ञानिक नकाशा कसा तयार होतो

जमिनीखालील खडकांचा नकाशा करण्याच्या विद्येचा उगम शेतीच्या शेजारींच झाला आहे. विल्यम स्मिथ हा इंग्लंडांतील एका लोहाराचा मुलगा, जन्म १७६९. तो मोजणीदार झाला. सॉमरसेट परगण्यांत कोळशाच्या वाहतुकीसाठीं कालवा खणला जात असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं खडकांचे थर सर्वत्र ठराविक क्रमानेंच येतात आणि प्रत्येक थरांत ठराविक जातीचे जीवाश्म सांपडतात. पाणथळ शेतांचा निचरा करून देणें हा त्याचा धंदा होता; त्या निमित्तानें त्यानें देश पायांखालीं घातला, आणि १८१५ सालीं इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा कांहीं भाग यांचा रंगीत खडक-नकाशा ५ मैलांस १ इंच या प्रमाणावर प्रसिद्ध केला. १८१९ सालीं कर्जापायीं त्यास तुरुंगवास घडला. परंतु पुढें १८३१ सालीं लंडनच्या भूवैज्ञानिक मंडळानें आपलें पहिलें वोलॅस्टन पदक त्यासच दिलें. हिंदुस्थानांत हें काम पद्धतशीरपणें सुरू झालें तें १८५१ सालीं, टॉमस ओल्डहॅम यांच्या देखरेखीखालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडून.

नकाशा करणारा मनुष्य प्रथम ज्यावर समान उंचीच्या रेषा काढलेल्या आहेत असा स्थलदर्शक नकाशा घेतो. आपल्याकडे तो बहुधा एका किलोमीटरास २ सेंटिमीटर या प्रमाणाचा असतो. त्याच्याजवळ हातोडा, भिंग, आम्लाची कुपी आणि दिशा व थराचा कल मोजणारें होकायंत्र असतें. तो सरळ शेतांतून न चालतां ओढ्या-नाल्यांच्या पात्रांतून, रस्त्यांच्या व लोहमार्गांच्या खोदाईतून, खाणींतून व विहिरींवरून फिरतो, कारण मातीचें पांघरूण तेथें दूर झालेलें असतें. प्रत्येक ठिकाणास तो क्रमांक देतो, खडकाचा ताजा तुकडा फोडून पाहतो, थर कोणत्या दिशेस किती अंश कलला आहे तें मोजतो व सर्व वहींत लिहितो. एक खडक संपून दुसरा जेथें लागतो ती सीमा नकाशावर रेघेनें दाखवितो, आणि प्रत्येक खडकास निराळा रंग देतो.

या रेघांविषयीं एक गोष्ट वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. जी सीमा प्रत्यक्ष पाहिली ती अखंड रेघेनें, आणि जी मातीखालीं झांकलेली असल्यामुळें अनुमानानें ठरविली ती तुटक रेघेनें काढण्याचा शास्त्राचा शिरस्ता आहे. पाहिलेलें काय व तर्कानें जाणलेलें काय, याचा असा उघड कबुलीजबाब नकाशावरच दिलेला असतो. पाणाड्याच्या काठीस ही तुटक रेघ नसते. मुरुमाच्या सखल भागांत बहुतेक जागीं कांहींना कांहीं पाणी लागतेंच. म्हणून काठी खरी ठरल्यासारखी वाटते, आणि जेथें ती चुकते त्या जागेची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

बेसाल्टाच्या प्रदेशांत स्मिथची जीवाश्मांची युक्ति फारशी चालत नाहीं, कारण तप्त रसांत जीव कोठून असणार? दोन लोटांमध्यें साचलेल्या प्राचीन तळ्यांच्या गाळांतच ते मिळतात, जसे नागपुराच्या आसपास. म्हणून येथें लोटांची ओळख त्यांच्या उंचीवरून, पोतावरून, रासायनिक घटकांवरून व मधल्या गेरूच्या थरांवरून पटवावी लागते. आपल्या सुदैवानें हे लोट बहुतेक ठिकाणीं जवळजवळ आडवेच आहेत. त्यांचा कल बहुधा एका अंशाहूनही कमी असतो. त्यामुळें डोंगराच्या एका बाजूस जो थर ज्या उंचीवर दिसतो, तो दुसऱ्या बाजूस सुमारें त्याच उंचीवर सांपडतो. या एका गोष्टींत शेतकऱ्याच्या उपयोगाचें पुष्कळ सार आहे.

आतां उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें व विद्युत्-रोध मोजण्याचीं यंत्रें यांची जोड या कामास मिळाली आहे. जमिनींत खुंट्या ठोकून वीज सोडली असतां ओला मुरूम ती सहज वाहूं देतो व अखंड पाषाण अडवितो. परंतु चिकण मातीही वीज वाहूं देते. यास्तव एकट्या यंत्राच्या आंकड्यावर विहीर ठरवूं नये. आंकडा व आजूबाजूच्या विहिरींचे थर यांचा मेळ घालावा.

पाण्याचा हिशेब

खडकांत पाणी किती मावतें हें कळलें, म्हणजे अधिक खोल जाण्याचा मोह आवरतो. मुरमाड किंवा भेगाळ बेसाल्टाच्या शंभर भागांतून विहिरीस मिळणारें पाणी १ ते ३ भागच असतें. सरासरी २ धरूं. एका एकराखालीं असा ३० फूट जाडीचा थर पाण्यानें पूर्ण भरला, तरी त्यांतून निघणारें पाणी त्याच एकरावर सात इंच उभें राहील इतकेंच. एका पाळीस अडीच इंच धरल्यास या सांठ्यावर तीन पाळ्याही पुऱ्या होत नाहींत. तापीकांठच्या गाळाच्या जमिनींत वाळूचा थर असेल, तर हेंच प्रमाण शंभरांत सुमारें १६ पडतें, म्हणजे तेवढ्याच जाडींत ५७ इंच. तरीही अतिउपशामुळें तेथील कित्येक गांवांत पातळी फार खोल गेली आहे. मग आमच्या पाषाणाची काय कथा! आणि हें पाणी बांध ओळखीत नाहीं. शेजाऱ्यानें उपसलें तर आपल्या विहिरीचें घटतें, आपण उपसलें तर त्याच्या.

अखंड पाषाणांत दोन-तीनशें फूट छिद्र पाडणें म्हणजे बहुधा जुन्या काळीं मुरून बसलेल्या थोड्या पाण्यावर हात मारणें होय. तें संपलें कीं पावसानें लवकर भरून येत नाहीं. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ यांत ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत, त्यामागें हेंच कारण आहे.

गांवानें आपला नकाशा करावा

सरकारी नकाशा एका किलोमीटरास २ सेंटिमीटर दाखवितो. त्यांत आपलें दहा एकरांचें शेत हरभऱ्याच्या दाण्याएवढेंही भरत नाहीं. तेव्हां त्याच्या आधारानें गांवचा मोठा नकाशा आपणच केला पाहिजे, आणि तो करण्याचें साहित्य गांवांत आहे. दहा-वीस विहिरी म्हणजे दहा-वीस उघडीं पानें होत.

वैशाखांत पाणी खालीं गेलें म्हणजे प्रत्येक विहिरीच्या कांठावरून दोर सोडून माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू हे थर किती फुटांवर लागतात तें लिहावें. विहिरींत उतरूं नये. दूषित हवेनें जीव गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. विहीर बांधलेली असेल तर खोदाईच्या ढिगाऱ्यावरून व खणणाऱ्याच्या आठवणीवरून थर जाणावे. नवी कूपनलिका पाडतांना दर दहा फुटांस निघणारा भुगा निराळ्या पिशवींत ठेवून वर खोली लिहावी.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. प्रत्येक विहिरीच्या तोंडाची उंची एकाच ठिकाणच्या मानानें मोजावी. मारुतीच्या पारासारखी कायमची खूण त्यास उत्तम. गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें हें काम होतें. समजा, एक विहीर पाराहून १० फूट उंचावर असून तींत गेरू ४५ फुटांवर लागला. दुसरी पाराहून १० फूट सखल जागीं असून तींत तो २५ फुटांवर लागला. वरवर पाहतां दोहोंत मेळ नाहीं. परंतु दोन्ही हिशेबांनीं गेरू पाराखालीं ३५ फुटांवरच येतो, म्हणजे थर एकच. आतां या दोहोंमध्यें पाराहून ५ फूट सखल जागीं ज्यास विहीर काढावयाची आहे, त्यास गेरू सुमारें ३० फुटांवर लागेल हें खणण्याआधींच सांगतां येतें. तेथें तो लागला नाहीं, तर मध्यें भिंत किंवा दुसऱ्या लोटाचा शेवट असावा असा संशय घ्यावा, आणि तो नकाशावर तुटक रेघेनें मांडावा.

हाच नकाशा पाणी मुरविण्याच्या कामींही येतो. बंधारा अखंड पाषाणावर घातला तर पाणी सांठेल पण मुरणार नाहीं. भेगाळ मुरुमावर घातला तर सांठ्यांत कमी दिसेल, पण खालच्या विहिरींत उतरेल. काय हवें तें ठरवून जागा निवडावी, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयांतील भूवैज्ञानिकास हा नकाशा दाखवून सल्ला घ्यावा. कोऱ्या प्रश्नापेक्षां वीस विहिरींची वही पाहून त्यास अधिक नेमकें उत्तर देतां येईल.

शेवटीं एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. ज्यास पाणी लागलें तो खोली सांगतो. ज्याची विहीर फसली तो संकोचानें गप्प राहतो, व कांहीं वर्षांनीं तिच्याच शेजारीं दुसरा कोणी कर्ज काढून खणावयास लागतो. वस्तुतः नकाशाच्या दृष्टीनें फसलेल्या विहिरीचें मोल लागलेल्या विहिरीइतकेंच आहे, कारण कोठें खणूं नये हें तीच सांगते. तिचा खर्च एकदां होऊन गेला. तिची नोंद गांवच्या वहींत झाली, तर तो खर्च पुन्हां कोणास करावा लागणार नाहीं. अशी वही या उन्हाळ्यापासून प्रत्येक गांवच्या सोसायटींत किंवा ग्रामपंचायतींत सुरू व्हावी, आणि तिच्या पहिल्या पानावर सर्वांत आधीं कोरड्या विहिरी लिहिल्या जाव्यात.